ताडीवालीच्या लेकाची शॅम्पेन

शेठ बाटलीची किंमत कधी रुपयांत सांगत नसत.

"ही म्हंजे एक लूम," ते म्हणायचे. "ही दोन लूम. आनि ही वरची, पिवल्या कागदातली, हा आख्खा टेम्पो. नवा कोरा. पासिंग करून."

पाहुणा मग बाटलीकडे बघायचा, तिच्या बुडाशी टेम्पोची चाकं शोधल्यासारखा. शेठ खूश व्हायचे. शौकीन लोक शॅम्पेनवर किती पैसे उधळतात, याच्या बातम्या हल्ली मोबाईलवर येत असतात आणि आमच्या नव्या ऑफिसातली पोरं त्या एकमेकांना वाचून दाखवत 'बापरे' म्हणतात. मी गप्प बसते. मी अकरा वर्षं कशेळीला अशा माणसाकडे नोकरी केली आहे, ज्याच्या एका कपाटात आमची कामतघरची अख्खी वस्ती मावली असती.

माझे वडील कामतघरला दुसऱ्याच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, तीस वर्षं उभे होते. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात शेठनी 'एक लूम' माझ्या हातात देऊन "आत ठेव, हालवू नको," म्हटलं तेव्हा मी ती तान्ह्या पोरासारखी दोन्ही हातांत धरून नेली. संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते जेवता जेवता थांबले, थोडा विचार केला आणि म्हणाले, "आवाज करते का?"

मी म्हटलं, "उघडली तर करते म्हणे."

"मग ठीक आहे," असं म्हणून बाबा पुन्हा जेवायला लागले.

शेठ दिसायला कशेळीतल्या कुठल्याही जमीनवाल्या माणसासारखेच होते. पांढरा हाफ शर्ट, पांढरी पँट, पांढऱ्या चपला, आणि गळ्यात म्हैस बांधता येईल अशी सोन्याची साखळी. फरक फक्त स्वेटरचा. त्या सगळ्या पांढऱ्यावर ते बारा महिने लाल स्वेटर घालत. मे महिन्यात खाडीकडून भट्टीसारखा वारा येत असताना, गोदामातले हमाल बनियनवर असताना, शेठ लाल स्वेटरमध्ये घामाने निथळत फिरायचे. कारण त्यांना दिवसातून वीस वेळा बाटल्यांच्या खोलीत जायचं असायचं, आणि तिथे बारा डिग्री थंडी असायची. काढघाल करायचा त्यांना कंटाळा होता.

त्यांचे गाळे होते सतरा. कधीकाळी तिथे भातशेती होती आणि पलीकडे खाडीचं खारं पाणी. आता गाळ्यांत ऑनलाइन कंपन्यांचे डायपर, शाम्पू आणि मिक्सर. फक्त नवव्या गाळ्याच्या मागच्या बाजूला ती खोली होती. दारावर शेठनी स्वतः मार्करने लिहिलेली पाटी: 'आत देव आहेत असे समजून वागावे. चपला बाहेर.' चपला काढून बारा डिग्रीच्या फरशीवर उभं राहिलं की दोन मिनिटांत देव आठवायचेच. इंपोर्टेड दारू ठेवायचा सरकारी परवाना शेठनी चांगली सोनेरी फ्रेम करून घरी देवघरात लावला होता, गावदेवीच्या फोटोशेजारी. त्यालाही रोज हळदकुंकू लागायचं.

लाइट गेली की जनरेटर आधी त्या खोलीचा लागायचा, घराचा नंतर. शेठच्या बायकोला आम्ही सगळे काकी म्हणायचो. काकी पदराने वारा घेत ओसरीवर बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "मानसं उकडून मरताव आनि बाटल्या थंडीनं कुडकुडताव. आमच्या घरान मी बाटलीच्या जन्माला यायला पायजे व्हती."

आणि एवढं सगळं करून शेठ पीत मात्र नसत. त्यांना ॲसिडिटी होती. एक घोट घेतला की रात्रभर बसून राहायचे, म्हणून जेवताना ताक. हा माणूस लाखांच्या बाटल्या आणतो आणि ताक पितो, हे कोड्यात टाकणारं होतं. मलाही वर्षभर उलगडलं नाही.

मग एकदा त्यांनीच सांगितलं.

फार वर्षांपूर्वी विलायती दारू आणणाऱ्या एका कंपनीने त्यांचा गाळा भाड्याने घेतला. करार झाला त्या दिवशी कंपनीचा गोरा साहेब बाटली घेऊन आला. बूच उडालं ते थेट भिंतीवरच्या शेठच्या वडिलांच्या फोटोवर. काच तडकली. ती काच शेठनी कधी बदलली नाही. सगळे हसले, ग्लास भरले. शेठनी एक घोट घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "आरं, ही त ताडी हाय!"

 मग कंपनीच्या माणसाने हळूच किंमत सांगितली. शेठनी ती मनात लूममध्ये बदलली आणि खुर्चीवर बसले.

कारण शेठच्या आईने आयुष्यभर ताडी विकली होती. खाडीच्या बांधावर ताडाच्या झाडाखाली दोन मडकी आणि चार ग्लास घेऊन ती बसायची. चार आण्याला ग्लास. नवरा तरुणपणीच गेला, पदरात हा एकच मुलगा, आणि शेतात जेमतेम खाण्यापुरतं भात. शाळेत पोरं शेठना 'ताडीवालीचा' म्हणायची. गुरुजी त्यांच्या घरचं पाणी पीत नसत, पण दुपारी शाळा सुटली की मागच्या पायवाटेने येऊन दोन ग्लास मारून जात, आणि पैसे 'उद्या'.

"तोच फेस," शेठ मला म्हणाले. "तोच आंबूस वास. तीच जिभंवर चुनचुन. त्यांनी काचंन भरला त लूमचा भाव, आमच्या आयनं मडक्यान भरला त चार आनं. मास्तरीन, सांग मना, असं का?"

मी हिशेबातल्या चुका काढायचे म्हणून ते मला मास्तरीण म्हणायचे. 

शेठच्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट बसली. जगातली सगळ्यात भारी बाटली आणायची, आईपुढे ठेवायची, आणि तिने म्हणायचं, 'बरी हाय.' बस. बाकीच्यांचं मत त्यांना नको होतं. ताडीमधलं तिच्याएवढं कळणारं माणूस खाडीच्या दोन्ही काठांना नव्हतं. कोणत्या झाडाची, पहाटे उतरवली की उन्हं आल्यावर, हे ती एका थेंबात सांगायची. तिने आयुष्यात शिळी ताडी ताजी म्हणून विकली नाही. दुपारनंतर उरलेली ती सरळ खाडीत ओतायची. गिऱ्हाईक हात जोडून मागत असलं तरी.

आजी तेव्हा नव्वदीच्या आसपास होत्या. एवढ्याशा, काटकुळ्या, हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि तोंडात एकही दात नाही. ओटीवर बसून रस्त्यावरच्या कंटेनरना शिव्या द्यायच्या. त्यांची तपासणी ठरलेली होती. शेठ ग्लास पुढे करायचे. आजी तो आधी कानाला लावायच्या. ताजी ताडी ग्लासात बारीक चरचर करत असते. आजी त्याला 'बोलनं' म्हणायच्या. मग एक बोट बुडवून ते जिभेवर. मग डोळे मिटायच्या. शेठ लाल स्वेटरमध्ये समोर उभे, दहावीच्या निकालाला आल्यासारखे.

"शिली."

झालं. ग्लास परत.

पहिल्या बाटलीला आजी म्हणाल्या, "कालची हाय." दुसरीला, "परवाची." तिसरीपासून नुसतंच "शिली." शेठनी प्रत्येक रिकामी बाटली ऑफिसच्या खिडकीत ठेवली, आणि कार्टनवर नंबर टाकायचा जाड मार्कर घेऊन प्रत्येकीवर आईचा शेरा लिहिला. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं मोठं, गिचमिड अक्षर. शिळी. शिळी. शिळी. ऊन आलं की हिरव्या काचांतून ते शब्द माझ्या टेबलावर पडायचे. मला त्या खिडकीकडे बघून पहिल्यांदा हसू यायचं. नंतर नंतर यायचं बंद झालं.

शेठ दरवेळी जास्त महागडी बाटली आणायचे. मुंबईचा एक एजंट होता, बारीक मिशीचा, हिंदी आणि इंग्रजी बोलणारा. मराठी त्याला येत नव्हतं. शेठ त्याला फोन करून म्हणायचे, "पिछला वाला आयने फेल किया. उससे ऊपर का भेजो." एजंट आनंदाने उससे ऊपर का भेजायचा.

त्याच एजंटने शेठना मुंबईतल्या शौकिनांच्या मंडळात नेलं. महिन्यातून एकदा ही मंडळी मोठ्या हॉटेलात जमून एकेक घोट घ्यायची, गुळण्या करायची आणि बोलायची. कोणाला त्यात भाजलेला पाव लागायचा, कोणाला बदाम, कोणाला ओला खडू. शेठ परत आले की मला सांगायचे, "काल एकाला लोनी लागलं. मास्तरीन, पावलोनीच खायचा हाय त आमच्याकं बेकरी काय कमी हायेत?"

एकदा ती मंडळी शेठचा संग्रह बघायला कशेळीला आली. चार पुरुष आणि मोत्यांची माळ घातलेल्या एक बाई, सोबत एजंट. ठाण्याहून कशेळीला यायला त्यांना पावणेतीन तास लागले, आणि कंटेनरच्या धुरात त्यांचे कपडे राखाडी झाले. शेठनी त्यांना चपला काढायला लावल्या. बारा डिग्रीत, अनवाणी, ते लोक रॅककडे बघत राहिले. आत कोपऱ्यात खाटेवर आजी गोधडी पांघरून झोपल्या होत्या. मे महिना होता आणि लाइट गेली होती. अशा वेळी शेठ आईची खाट बाटल्यांच्या खोलीत आणून टाकायचे. घरातला एसी नंतर जनरेटरवर लागायचा, पण आजींना त्याचा 'आवाज' आवडत नसे.

मोत्यांच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "अँड हू इज शी?"

"टेस्टर," शेठ म्हणाले. हा शब्द ते हॉटेलात शिकले होते.

बाईंनी सोबत स्वतःची एक बाटली आणली होती. बहुधा दोन टेम्पोची. ती मोठ्या हौसेने उघडली, पहिला ग्लास आजींना. आजी उठून बसल्या. कान, बोट, जीभ. सगळे श्वास रोखून उभे.

"शिली हाय बाय," आजी मायेने म्हणाल्या. "फेकून दे. पोट बिघरंल तुजं."

"व्हॉट डिड शी से?" बाईंनी मला विचारलं.

आता मी काय सांगणार? मी शेठचा चेहरा बघितला आणि म्हणाले, "शी सेज इट इज व्हेरी मॅच्युअर." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वाकून आजींच्या पायांना हात लावला. आजींनी आशीर्वाद दिला आणि पुन्हा झोपल्या. एजंट माझ्याकडे संशयाने बघत होता.

त्या दिवशी मंडळी गेल्यावर मी शेठना बसवलं. फार दिवस मनात होतं ते बोलले.

"शेठ, तुम्ही उलटे चाललाय."

"म्हंजे?"

"आजींना ताजी हवी. तुम्ही दरवेळी महाग आणता. पण या बाटल्यांवर साल लिहिलेलं असतं. जेवढी जुनी तेवढी महाग. तुम्ही दरवेळी जास्त पैसे देऊन जास्त शिळी आणताय."

शेठ हसले. "येडी हायस. महाग म्हंजे ताजा. म्हावऱ्याच्या बाजारात जा. सकालचा पापलेट महाग, सांजचा स्वस्त. कोन शिल्याला जास्त पैसं दील?"

मी उठून खिडकीतल्या बाटल्या एकेक करून टेबलावर मांडल्या. सालं वाचून दाखवली. पहिली तीन वर्षांची. मग दहा. मग अठरा. मग तीस. शेठ ऐकत गेले. ते सालाचे आकडे त्यांनी आजवर मालाचे लॉट नंबर समजले होते. गोदामात प्रत्येक पेटीवर असतो तसा.

 मग शेठनी स्वेटर काढला. मी त्यांना बिनस्वेटरचं पहिल्यांदा बघितलं. अंगाने अगदीच बारीक होते.

"दहा-बारा वरसं," ते म्हणाले. "दहा-बारा वरसं मी आयला नासलेली पाजतंय."

मला माझाच राग आला. खरं सांगून काय मिळवलं मी? म्हटलं, "शेठ, नवी स्वस्तातली आणू या. ताजी."

"न्हाय," शेठ म्हणाले. "आता स्वस्तातली आनली त आय बोलंल, पोरगा कंगाल झाला." मग दोन दिवस ते खोलीत गेलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वेटर घालून आले ते ठरवूनच. शिळीच न्यायची, तर आपल्या स्वतःच्या वयाची न्यायची. ज्या साली आपण जन्मलो त्या सालची. "आय बोलंल त बोलंल शिली. पन तिला सांगंन का ही माज्याबरोबर जल्मली. मंग बगू."

एजंटला फोन गेला. चार महिन्यांनी बाटली आली. किती लूम, हे शेठनी सांगितलं नाही. पण ती आली त्याच आठवड्यात रस्त्यालगतचा एक प्लॉट गेला, आणि काकी माहेरी.

बाटली ऑफिसात टेबलावर ठेवली होती. मी साल बघितलं, आणि सहज विचारलं, "शेठ, तुमची जन्मतारीख काय?"

"एक जून."

मी बाटलीवरचं साल पुन्हा वाचलं. आमच्या भागात त्या पिढीतली अर्धी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख माहीत नसली की गुरुजी एक जून ठोकायचे, आणि सालही अंदाजाने. आणि इथले गुरुजी म्हणजे मागच्या पायवाटेने येणारे. नाव घालायच्या दिवशी ते शेठच्या आईकडूनच दोन ग्लास मारून शाळेत गेले असणार.

"शेठ," मी म्हटलं, "आजींना विचारलंत का?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. मग बाटलीकडे. मग आम्ही दोघं उठून ओटीवर गेलो.

आजींनी साल बोटांवर मोजलं नाही. त्या म्हणाल्या, "खारीचा बांध फुटून भातान खारं पानी शिरलं, त्याच्या पुढच्या सालान तू झालास. नवऱ्याची आतेबहीन ठान्याच्या दवाखान्यान बालंत झाली, त्याच हप्त्यान." त्या आतेबहिणीचा तेव्हा झालेला मुलगा अजून ठाण्यात होता, आणि त्याच्याकडे दवाखान्याचा खरा जन्मदाखला. मी फोन केला. शेठ कागदावरच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे निघाले.

"म्हंजे दोन वरसं मी फुकट तरुन व्हतो," शेठ म्हणाले.

त्या बाटलीवर त्यांनी मार्करने 'गुरुजींची' असं लिहिलं आणि ती न उघडता वरच्या फळीवर ठेवून दिली. मग एजंटला पुन्हा फोन लावला. "दो साल पुराना भेजो. पहले वाला मास्टर ने गलत लिखा." एजंटला काय कळलं कोण जाणे. पण हा माणूस एकाच वाढदिवसासाठी दोनदा पैसे मोजतोय, एवढं नक्की कळलं.

ही दुसरी बाटली सहज मिळणारी नव्हती. एजंट म्हणाला, सहा महिने. पाचव्या महिन्यात आजींनी अंथरूण धरलं. जेवण सुटलं, मग पेज सुटली. डॉक्टर येऊन बघून गेले आणि बाहेर येऊन शेठना म्हणाले, जे करायचं ते आता करून घ्या, गिळणं फार दिवस चालणार नाही. काकी माहेरून परत आल्या आणि सासूच्या उशाशी बसल्या. शेठ दिवसातून दहा वेळा एजंटला फोन करायचे. एरवी ते समोरच्याला शेठसारखं बोलायचे. त्या दिवसांत विनवण्या करायचे. मला ते ऐकवत नसे.

अखेर एका दुपारी एजंटचाच फोन आला. बाटली घेऊन निघालोय, पण कशेळीच्या पुलावर अडकलोय. पुढे कंटेनर आडवा झालाय. दोन तास झाले, गाडी हललेली नाही.

शेठ नुसते उभे राहिले. मी स्कूटीची चावी घेतली.

ट्रकांच्या फटींमधून, उलट्या बाजूने, शिव्या खात मी पुलावर पोहोचले. एजंट टायसकट घामाने भिजून गाडीत बसला होता, मांडीवर लाकडी पेटी. मी म्हटलं, "बैठो." तो म्हणाला, मॅडम, ये हिलनी नहीं चाहिए, हिली तो महिना भर रखनी पड़ेगी. मी म्हटलं, "आजी के पास महिना नहीं है." तो बसला. कशेळीच्या खड्ड्यांतून ती अख्ख्या प्लॉटच्या मोलाची बाटली माझ्या मागे पेटीत खडखडत होती, आणि एजंट प्रत्येक खड्ड्याला 'ओ गॉड' म्हणत होता. माझ्या मनात फक्त एवढंच होतं, म्हातारे, अजून दहा मिनिटं.

आजींच्या खोलीत खाटेशेजारीच बाटली उघडायची ठरली. आजी डोळे मिटून पडल्या होत्या. एजंटने हातमोजे घातले. बूच ओढायला गेला तर ते उडालं नाही, सुटलंही नाही. त्याच्या बोटांत त्याचा भुगा झाला. आवाज शून्य. मग त्याने फडक्यातून गाळून ग्लासात थोडी ओतली. चहासारखा रंग. फेस नाही, बुडबुडा नाही, एकसुद्धा नाही. त्याने वास घेतला, आणि ग्लास खाली ठेवला.

"सॉरी शेठ," तो म्हणाला. "ये तो मर चुकी है. बहुत पहले."

 शेठ भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले. सत्तरीचा माणूस, लाल स्वेटर, आणि दोन्ही हात मांडीवर उपडे. काकींनी तोंड फिरवलं. मला वाटलं की ग्लास उचलावा आणि मुकाट्याने मोरीत ओतून यावं, म्हातारीला कळायच्या आत.

"काय आनलंस रं बाला?" आजींचा आवाज आला.

शेठनी मान वर केली आणि हातानेच 'काय न्हाय' केलं.

"दे."

"आय, ती खराब—"

"दे बोलली ना."

काकींनी आजींना हाताने आधार देऊन उठवलं. शेठ उठले, ग्लास घेऊन खाटेशी गेले. आजींनी तो दोन्ही हातांत धरला आणि नेहमीसारखा कानाला लावला. त्यांचे दोन्ही कान गेल्या वर्षीच जवळजवळ गेले होते, अगदी कानाशी ओरडलं तरच कळायचं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्या ग्लास कानाला लावायच्या आणि कोणी काही म्हणत नसे. या वेळी त्यांनी तो फार वेळ धरला.

"कवाची?" त्यांनी विचारलं.

शेठ वाकले आणि त्यांच्या कानात जवळजवळ ओरडले, "माज्या जल्माची, आय. मी झालो ना, त्या सालची."

आजींनी शेठकडे बघितलं. पांढरे केस, साखळी, स्वेटर, सगळं वरपासून खालपर्यंत. मग ग्लास पुन्हा कानाला लावला.

"बोलते," त्या म्हणाल्या.

बोट बुडवलं नाही. सरळ ग्लास तोंडाला लावला आणि हळूहळू, थांबत थांबत, सगळा प्यायल्या. ज्या बाईने आयुष्यात शिळी ताडी कोणाच्या घशाखाली जाऊ दिली नाही, तिने तळाचा गाळसुद्धा ठेवला नाही. लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं.

"ताजी हाय."

"आय," शेठ पुन्हा कानाशी ओरडले, "सत्तर वरसांची हाय ती."

"मंग?" आजी म्हणाल्या. "तू त काल झालास."

शेठनी आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडले, मोठ्याने, काही न लपवता. काकीही रडल्या. मीही रडले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. आजी मात्र थकून पुन्हा उशीवर टेकल्या आणि रस्त्यावर हॉर्न वाजवणाऱ्या एका कंटेनरला, जो त्यांना ऐकूही येत नव्हता, सवयीने एक शिवी हासडली.

जरा वेळाने शेठनी स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं आणि माझ्याकडे हात केला. मला कळलं. ऑफिसात जाऊन मार्कर आणला. मी म्हटलं, द्या, मी लिहिते. त्यांनी मान हलवली. बाटली गुडघ्यांत धरून, जीभ दातांत दाबून, चौथीतल्या पोरासारखं सावकाश लिहिलं.

एजंट हातमोजे काढत उभा होता. आजवर त्याने या घरात जेवढं मराठी ऐकलं, ते माझ्याच तोंडून दुसऱ्या भाषेत ऐकलं होतं. त्याने बाटलीकडे बोट केलं आणि मला हळूच विचारलं, "मॅडम, क्या लिखा है?"

"ताज़ी," मी म्हणाले. या वेळी मी काहीही बदललं नाही.